बाजारपेठेतलं पार्किंग मोजायचं कसं? टेप, वही आणि एक शनिवार

सांगलीत गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड या भागात ज्याचं दुकान आहे, त्याने "गाडी लावायला जागाच नाही हो तुमच्याकडे" हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकलेलं असतं. माझं भांड्यांचं दुकान. मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि प्रत्येक वेळी "महापालिकेनं कायतरी करायला पाहिजे" एवढं म्हणून कुकरची शिट्टी दाखवायला लागलो.

मग एकदा आम्ही सात दुकानदार निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. समोरच्या साहेबांनी निवेदन वाचलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या रस्त्यावर अधिकृत जागा किती? गाड्या किती लागतात? एक गाडी किती वेळ थांबते?" सातही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. चहा मात्र मिळाला.

त्यानंतर मी, इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा आणि शेजारच्या दुकानांतली चार पोरं, असे मिळून आम्ही आमच्या रस्त्याची मोजणी केली. पहिल्या दोन वेळा सगळी मेहनत पाण्यात गेली. तिसऱ्यांदा जमलं. तुमच्या पेठेत, मंडईजवळ, दवाखान्यांच्या रस्त्यावर असं काही करायचं मनात असेल, तर आमच्या चुका तुम्ही परत करू नयेत म्हणून हे लिहितोय. मार्केट यार्डातल्या ट्रकांचं गणित वेगळं असतं, त्याला हे जसंच्या तसं लागू होणार नाही.

१. आधी प्रश्न ठरवा

"जागा नाही" या तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असतात. एक, जागा खरोखरच कमी आहेत. दुसरा, जागा आहेत पण सुटत नाहीत, म्हणजे सकाळी लागलेली गाडी रात्रीच हलते. दुसऱ्या आजारावर पहिल्याचं औषध दिलं, म्हणजे नवीन पार्किंग तळ बांधला, की रस्ता तसाच राहतो आणि तळात कुत्री झोपतात. मोजणी करायची ती यातला कोणता आजार आहे ते कळण्यासाठी.

म्हणून नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. कोणती गाडी किती वेळ उभी होती, हे कळायला हवं. पहिल्या मोजणीत आम्ही दर तासाला फक्त "दुचाकी इतक्या, कार इतक्या" असं लिहिलं. दिवसभर आकडा जवळपास सारखाच. त्यावरून काय कळलं? रस्ता भरलेला असतो. ते तर आम्हाला दुकानातून दिसतच होतं.

२. काय काय लागेल

साहित्य फार नाही:

- ३० मीटरची टेप (गवंड्याकडे असते, मागून आणा)
- लिहायचं पॅड, छापलेले तक्ते, पेन्सिली. पेन नको, घामाने आणि पावसाने शाई पसरते
- घड्याळं जुळवलेले दोन मोबाइल
- गुगल शीट्स किंवा एक्सेल येणारा एक माणूस
- रस्त्याचा नकाशा. ओपनस्ट्रीटमॅप या फुकट ऑनलाइन नकाशावरून छापून घेतला तरी चालतो
- प्रत्येक मोजणाऱ्याच्या गळ्यात "पार्किंग मोजणी" लिहिलेलं ओळखपत्र

कागदपत्रं:

- व्यापारी संघटनेचं किंवा कॉलेजचं पत्र
- शहर वाहतूक शाखा आणि महापालिका या दोघांना दिलेल्या माहितीच्या अर्जाची पोचशिक्क्याची प्रत. मोजायला बंदी नाही, पण कोणी हटकलं तर खिशात कागद असलेला बरा
- त्या रस्त्यावरच्या पार्किंगची, नो-पार्किंगची, एकेरी वाहतुकीची लागू असलेली अधिसूचना

शेवटचा कागद सहज मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्याच अर्जात त्या रस्त्यावरच्या मोठ्या इमारतींच्या मंजूर नकाशात किती पार्किंग दाखवलं आहे तेही विचारून घ्या. याचा उपयोग पुढे सांगतो. हा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण तोच सगळ्यात उशिरा येतो.

३. रस्त्याचे तुकडे पाडा आणि जागा मोजा

अख्खी पेठ मोजायला घेऊ नका. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा दोन-अडीचशे मीटरचा रस्ता पुष्कळ झाला. त्याचे विजेच्या खांबाप्रमाणे तुकडे पाडा. दोन खांबांमधला एक तुकडा, डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी. प्रत्येकाला नाव द्या: डा-१, डा-२, उ-१, उ-२. खांब यासाठी की ते हलत नाहीत. आम्ही आधी दुकानांच्या पाट्या धरून तुकडे केले होते. दुसऱ्या मोजणीपर्यंत एका दुकानाची पाटी बदलली आणि एक हातगाडी, जिला आम्ही खूण मानलं होतं, ती समोरच्या बाजूला गेली.

आता टेप धरा. प्रत्येक तुकड्यात गाडी लावता येईल अशी लांबी किती? फूटपाथ, पादचाऱ्यांचे पट्टे, बसथांबा, कोणाच्या दाराचं तोंड, चौकाचं वळण हे वजा करायचं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या पार्किंगसाठी कारला २.५ × ५ मीटर आणि दुचाकीला १ × २ मीटर जागा धरली आहे. रस्त्याकडेला एकामागे एक कार लावायच्या तर पुढे-मागे करायला थोडी जास्त लांबी लागते, सहा मीटर धरा. दुचाकीला नियमाने एक मीटर, आपली माणसं अडीच फुटांतही घुसवतात. तरी हिशोब एक मीटरनेच करा, नाहीतर मधली गाडी काढताना चार गाड्या आडव्या होतात, तेही "जागा" म्हणून मोजलं जाईल.

इथेच एक गंमत कळते. ६० मीटरच्या तुकड्यात कार लावल्या तर १० बसतात. तिथेच दुचाकी आडव्या लावल्या तर ६०. रस्त्याची रुंदी मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच खर्ची पडते. पेठेतल्या बैठकीत "कारवाले गिऱ्हाईक मोठं असतं" असं कोणी म्हणालं की हा आकडा पुढे ठेवा. एका कारवाल्याने सहा दुचाकीवाल्यांएवढी खरेदी करावी लागेल. कापड दुकानात, सराफ कट्ट्यावर कदाचित करतही असेल. माझ्याकडे कारमधून येऊन लोक एक झारा घेऊन जातात.

४. आडबाजूच्या जागा विसरू नका

रस्त्यापासून पाच मिनिटांच्या चालीत जे काही आहे ते नकाशावर मांडा: सभागृहांची पटांगणं, शाळेचं मैदान, मोकळे प्लॉट, इमारतींची तळघरं. मंजूर नकाशात तळघर "पार्किंग" आणि प्रत्यक्षात तिथे कापडाच्या गठ्ठ्यांचं गोदाम, हे तुम्हाला दिसेल. नावं घेऊन भांडत बसू नका. नकाशात इतक्या जागा, वापरात इतक्या, एवढे दोन आकडे लिहा. ते आकडेच पुरेसे बोलतात.

सांगलीसाठी एक खास सूचना. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पेठेत कुठपर्यंत पाणी आलं होतं, हे तळघराचा विचार करण्याआधी तिथल्या जुन्या दुकानदाराला विचारा. भिंतीवरची रेघ तो बोटाने दाखवेल. पावसाळ्यात जिथे गाडी ठेवायला माणूस धजत नाही, ती जागा बाराही महिने धरायची नाही.

५. दिवस निवडताना

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. किमान तीन दिवस मोजा: एक साधा कामाचा दिवस, एक शनिवार आणि एक पेठेच्या सुट्टीचा दिवस. शनिवार कशासाठी, हे सांगलीकराला सांगायला नको. आठवडा बाजाराला आसपासच्या गावांतून माणूस येतो आणि रस्त्याचं रूपच बदलतं. पण फक्त शनिवार मोजून "आमच्याकडे जागाच नाही" असं म्हणू नका. आठवड्यातल्या एका दिवसासाठी बाकीच्या सहा दिवसांचा नियम करणं महागात पडतं.

गणपती, दिवाळी, लग्नसराईतली मोठी तिथ, गुरुपुष्यामृत, शाळा सुरू व्हायचा आठवडा, हे दिवस टाळा. त्यांची वेगळी मोजणी करायची तर करा, पण सरासरीत मिसळू नका.

आता सम-विषमचा घोळ. ज्या रस्त्यावर पी-वन, पी-टूच्या पाट्या आहेत, तिथे विषम तारखेला एक बाजू आणि सम तारखेला दुसरी. म्हणजे एकाच तारखेची मोजणी म्हणजे अर्ध्या रस्त्याची मोजणी. दोन्ही तारखा घ्या. त्यातही महिनाअखेर नको: ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम. सलग दोन दिवस एकच बाजू, आणि निम्म्या लोकांना ते लक्षात नसतं. आमची दुसरी मोजणी नेमकी १ तारखेची होती. लोक आदल्या दिवसाच्या समोरच्या बाजूला गाड्या लावत होते आणि क्रेन फिरत होती. तक्त्यात "बेकायदेशीर" हा रकाना भरभरून वाहिला. भाचा म्हणाला, "मामा, हा रस्त्याचा दोष नाही, कॅलेंडरचा आहे." ते तक्ते बाजूला ठेवले.

६. तक्ता आणि फेरी

दर फेरीला एक जोडी आपल्या बाजूने चालत जाते. एक जण बोलतो, दुसरा लिहितो. एकट्याने दोन्ही करू नये. मान खाली गेली की दोन गाड्या सुटतात.

तक्त्यात एवढेच रकाने ठेवा: तुकडा, फेरीची वेळ, वाहनाचा प्रकार, नंबरचे शेवटचे चार आकडे, रंग, जागा अधिकृत की अनधिकृत, शेरा. पूर्ण नंबर लिहू नका. कोणाची गाडी कुठे किती वेळ होती हे जाणून घेणं हा आपला धंदा नाही, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. शेवटचे चार आकडे आणि रंग यावरून हीच गाडी मागच्या फेरीत होती का, एवढं ओळखता येतं. गाडी बाहेरची आहे का हे हवं असेल तर फक्त खूण करा: एमएच १० म्हणजे "स्थानिक", बाकी "बाहेरची". एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ५० कराड, केए २३ चिक्कोडी. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर मोजणार असाल तर कर्नाटकातल्या गाड्यांचा वेगळा रकाना ठेवाच. पेशंट घेऊन आलेली गाडी तासाभरात हलत नसते, तिला गिऱ्हाइकाचा नियम लावून चालणार नाही.

फेरी किती मिनिटांनी? कारसाठी अर्धा तास चालेल. दुचाकीसाठी पंधरा मिनिटं. कारण साधं आहे. अर्ध्या तासाच्या फेरीत दहा मिनिटं थांबणारी गाडी तुमच्या नजरेला पडायची शक्यता तिनात एक. म्हणजे पटकन येऊन पटकन जाणारी दोन तृतीयांश गिऱ्हाइकं वहीत येतच नाहीत, आणि दिवसभर ठाण मांडलेली गाडी मात्र प्रत्येक फेरीत येते. आकडे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त वाईट दिसतात. पंधरा मिनिटांच्या फेरीत सगळ्या दुचाकी घेणं जमत नसेल तर दर तिसरा तुकडाच घ्या, पण तो नीट घ्या.

नोंदी भरायला कोबो टूलबॉक्ससारखं फुकट अ‍ॅप वापरता येतं. आम्ही वापरून बघितलं. दुपारी बाराच्या उन्हात मारुती रोडवर मोबाइलचा पडदा दिसत नाही, आणि पोरांना मेसेज येतात. कागदावर आलो. दुसरा मार्ग म्हणजे मोबाइलने व्हिडिओ घेत चालत जायचं आणि रात्री बसून नंबर उतरवायचे. पटकन होतं, पण त्यात लोकांचे चेहरे येतात. उतरवून झालं की व्हिडिओ पुसून टाका आणि आधीच तसं सांगून ठेवा.

सकाळी दुकानं उघडायच्या अर्धा तास आधी सुरू करा. हे फार महत्त्वाचं. साडेनऊला रस्त्यावर पहिली गाडी कोणाची लागते, यात निम्मी गोष्ट असते.

७. लोकांना आधी सांगा, नाहीतर रस्ता पळून जाईल

नंबर लिहायच्या पहिल्याच दिवशी पोरं पॅड घेऊन कामाला लागली. कोणीतरी ओरडलं, "ए, फोटो काढायला लागले, दंड येणार!" पाच मिनिटांत निम्मा रस्ता मोकळा. शेजारचे अण्णा हसून म्हणाले, "रोज मोजत जावा की, पार्किंगचा प्रश्नच मिटतोय!" विनोद चांगला होता, त्या दिवसाची मोजणी वाया गेली.

म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक दुकानात जाऊन सांगा. चिठ्ठी वाटा: "मोजणी आहे, दंड नाही." हातगाडीवाले, रिक्षावाले, माल उतरवणारे हमाल यांनाही सांगा. उलट त्यांच्याकडूनच जास्त माहिती मिळते. टेम्पो किती वाजता येतात आणि कुठे आडवे लागतात, हे हमालाला तुमच्या तक्त्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

८. आकडे भरताना घ्यायची काळजी

त्याच रात्री भरा. दुसऱ्या दिवशी स्वतःचं अक्षर स्वतःला लागत नाही.

नंबरचा रकाना "मजकूर" प्रकारात ठेवा. नाहीतर ००४५ ची ४५ होते आणि दुसऱ्या फेरीतल्या ००४५ शी ती जुळत नाही, म्हणजे एकाच गाडीच्या दोन होतात. सगळ्यांनी एकाच लिपीतले आकडे लिहायचे हे आधी ठरवा. एक पोरगा मराठीत लिहायचा, दुसरा इंग्रजीत, आणि मराठी सात इंग्रजी सहासारखा वाचला गेला. चारमध्ये आणि आठमध्येही तोच गोंधळ. शिवाय कलाकारीच्या पाट्या असतातच: ८०५५ चा "बॉस", ४१४१ चा "दादा". आमच्या लिहिणाऱ्याने एका ठिकाणी चक्क "दादा" असंच लिहून ठेवलं होतं.

९. चार आकडे काढा, त्यापेक्षा जास्त नको

*भरणा:* त्या वेळी उभ्या गाड्या भागिले अधिकृत जागा. शंभर टक्क्यांवर जाऊ शकतो, कारण दुहेरी रांगा लागतात. शंभरला कापू नका, तीच तर माहिती आहे.

*थांबा:* गाडी किती फेऱ्यांत दिसली, गुणिले फेरीचं अंतर.

*उलाढाल:* एका जागेवर दिवसभरात किती वेगवेगळ्या गाड्या आल्या. भांडी दुकानदाराला हे लगेच कळतं. मांडणीवरचा माल किती वेळा फिरला, तसंच.

*अनधिकृत वाटा:* एकूण गाड्यांपैकी किती चुकीच्या जागी होत्या, आणि त्याच वेळी शेजारच्या गल्लीत अधिकृत जागा रिकामी होती का.

एक उदाहरण करून दाखवतो. आकडे समजायला सोपे असे घेतलेत. समजा १० कारची जागा आहे आणि सकाळी दहा ते रात्री आठ, असे १० तास बघतोय. म्हणजे १०० कार-तास हातात आहेत. सहा गाड्या दिवसभर हलल्याच नाहीत, ६० तास गेले. उरलेल्या ४० तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाची गिऱ्हाइकं आली तर ८० गाड्या झाल्या.

आता सरासरी थांबा काढा. १०० तास भागिले ८६ गाड्या, म्हणजे साधारण एक तास दहा मिनिटं. हा आकडा निवेदनात लिहिलात तर वाचणारा म्हणेल, "एक तास दहा मिनिटं, ठीकच आहे की." पण त्या रस्त्यावर एक तास दहा मिनिटं थांबणारा एकही माणूस नाही! अर्धा तासवाले आहेत आणि दहा तासवाले आहेत. म्हणून सरासरी सांगू नका. अर्ध्या तासाच्या आत किती, एक तासाच्या आत किती, चार तासांच्या वर किती, अशा पायऱ्या करून सांगा. आणि त्यासोबत, चार तासांच्या वरच्यांनी एकूण जागा-तासांपैकी किती खाल्ले तेही. वरच्या उदाहरणात ८६ पैकी ६ गाड्यांनी शंभरातले साठ.

त्या सहा गाड्या पाच मिनिटांवर लावल्या तर? पूर्ण १०० तासांत कागदावर २०० गिऱ्हाइकं बसतात. नेहमी थोडी जागा रिकामी हवी म्हणून १५ टक्के सोडून द्या, तरी १७०. ऐंशीच्या दुप्पट, आणि एक रुपयाचं बांधकाम नाही.

हे १५ टक्के कुठून आले? कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी पार्किंगवर आयुष्यभर काम केलं. रस्त्यावरच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला प्रत्येक पट्ट्यात एखादी जागा सापडते आणि जागा शोधत घिरट्या घालाव्या लागत नाहीत, असं ते सांगत. ८५ ही काही दगडावरची रेघ नाही. दहाच जागा असल्या तर एक-दीड जागा मोकळी, एवढाच त्याचा अर्थ.

शीटमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी आपोआप गोळा करणारा तक्ता, करा: उभे तुकडे, आडव्या वेळा, चौकटीत भरणा. त्यावर रंग चढवा, ८५ च्या खाली हिरवा, १०० पर्यंत पिवळा, वर लाल. हा एकच कागद पुढे सगळीकडे चालतो.

१०. लांब थांबणाऱ्या गाड्या कोणाच्या?

हे तक्त्यात नसतं, विचारावं लागतं, आणि विचारताना जपून. संध्याकाळी सातला अजूनही उभ्या असलेल्या, सकाळच्या पहिल्या फेरीतल्या गाड्यांची यादी भाच्याने वाचून दाखवली. चौथ्या ओळीवर तो थांबला. करडी स्कूटर, माझ्याच दुकानासमोर, साडेनऊपासून. मी काही बोललो नाही. उरलेली यादी वाचली तेव्हा आमच्या त्या सात निवेदनवाल्यांपैकी पाच जण तिच्यात होते, शिवाय दुकानांतली कामाची पोरं.

म्हणून यादीत नाव, दुकान काही ठेवू नका. "दुकानमालक-कामगार", "गिऱ्हाईक", "रहिवासी", "माल वाहतूक", "माहीत नाही" एवढे पाच गट पुरेत. बैठकीत कोणाकडे बोट गेलं की पुढच्या मोजणीला सहकार्य संपलं. मी स्वतःची स्कूटर सांगून सुरुवात केली. त्याने वातावरण बरंच हलकं झालं.

रहिवाशांना वेगळं धरा. जुन्या वाड्यात राहणाऱ्या माणसाला गाडी लावायला दुसरी जागाच नसते.

११. आकड्यावरून उपाय

भरणा ८५ च्या खाली असेल तर रस्त्याला हात लावू नका. तक्रार दुसऱ्या कशाची तरी आहे, बहुतेक वेळा दुहेरी रांगेची किंवा हातगाड्यांची.

भरणा जास्त आणि लांब थांबणारे जास्त, तर दुकानदारांनी आपल्या गाड्या ठरलेल्या दूरच्या जागी लावायच्या. महिन्याचं भाडं वाटून घ्या. हे महापालिकेशिवायही होतं, उद्यापासून होतं. त्यानंतर वेळेची मर्यादा.

भरणा जास्त आणि थांबा आधीच कमी, तर जागा खरोखर अपुऱ्या आहेत. मग कारची जागा दुचाकीला देणं, तासाच्या दराने पे अँड पार्क, जवळचं पटांगण मिळवणं. दर लावायचा तर पहिला अर्धा तास स्वस्त आणि पुढे चढता. दिवसभराचा एकच दर लावला तर दहा तासवाल्याचंच फावतं. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ ते २०१३ मध्ये सेन्सर लावून भरण्याप्रमाणे रस्त्यारस्त्याचे दर वर-खाली केले. ओस रस्त्यांचे दर उतरवल्यामुळे मीटरचा सरासरी दर थोडा खालीच आला. "आकडेवारी म्हणजे दरवाढ" असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

सकाळी ठरावीक वेळ मालाच्या टेम्पोंना राखून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

सेन्सर, कॅमेरे, अ‍ॅप विकणारे लोक भेटतील. आधी वहीतली मोजणी करा. प्रश्न काय ते कळल्यावर विकत काय घ्यायचं ते ठरतं, आणि बऱ्याचदा काहीच घ्यावं लागत नाही.

१२. कागद घेऊन परत जा

पार्किंगच्या जागा ठरवणं, वाहनांना मज्जाव, पाट्या लावणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ ते ११७ मध्ये येतं. त्यात वाहतूक पोलीस आणि महापालिका दोघांचा संबंध येतो, त्यामुळे अर्ज दोघांना, एकच मजकूर, एकाच दिवशी. सोबत रंगवलेला तक्ता, नकाशा, मोजणीच्या तारखा, दुकानदारांच्या सह्या. मजकूर एका पानाचा. मागणी "कायमस्वरूपी तोडगा काढावा" अशी नको. "अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत, सकाळी दहा ते रात्री आठ, कारला एक तासाची मर्यादा, दोन महिने प्रायोगिक तत्त्वावर" अशी हवी. अशा कागदावर हो किंवा नाही लिहिता येतं.

१३. परत मोजा, आणि शेजारची गल्लीही

प्रयोग सुरू झाल्यावर पहिला आठवडा सोडा, तेव्हा सगळेच नियम पाळतात. महिन्याने, त्याच वारी, त्याच तुकड्यांत, त्याच अंतराच्या फेऱ्यांनी पुन्हा मोजा. फेरी पंधराची तीसवर नेली तर आधीच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

आणि आजूबाजूच्या गल्ल्या पहिल्याच मोजणीत घ्या. आम्ही नाही घेतल्या. आमचा रस्ता सुटला तसे मागच्या गल्लीतल्या एक काकू दुकानात आल्या. "तुमच्या गाड्या आमच्या दारात यायला लागल्यात," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, तिथं आधीपण लागत होत्या की." त्या म्हणाल्या, "दाखवा बरं वहीत." वहीत ती गल्लीच नव्हती.